चेक इंजिनचा दिवा आणि ऑक्सिजन सेन्सर

मंडळी, इथे अमेरिकेत गाडी म्हणजे आपले पायच. त्यामुळे डॅशबोर्डवर इंजिनाच्या चित्राचा पिवळा दिवा लागला की जीव थोडा खालीवर होतोच. किती डॉलरना फटका बसेल या धास्तीने काहीजण महिनोन्‌महिने दिव्याकडे दुर्लक्ष करतात, तर काहीजण मेकॅनिक सांगेल तो भाग निमूटपणे बदलून घेतात. दोन्हींत नुकसान आपलेच. म्हणून ही थोडी माहिती.

दिवा काय सांगतो?

अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या पेट्रोलच्या गाड्यांत १९९६ च्या मॉडेलपासून ओबीडी-२ ही यंत्रणा सक्तीची आहे. धुरातले प्रदूषण वाढवणारा बिघाड आढळला की गाडीचा कॉम्प्युटर दिवा लावतो आणि एक कोड साठवून ठेवतो.

दिवा स्थिर असेल आणि गाडी नेहमीसारखी चालत असेल, तर घाबरण्याचे कारण नाही. मात्र काही दिवसांत तपासणी करून घ्यावी. दिवा उघडझाप करत असेल, तर इंजिनात इंधन नीट जळत नाही आणि न जळलेले पेट्रोल कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन तो तापून निकामी होऊ शकतो. अशा वेळी वेग कमी करून गाडी सुरक्षित जागी थांबवावी. ऑइलचा किंवा तापमानाचा लाल दिवा मात्र निराळा. तो लागला तर गाडी लगेच बाजूला घेऊन इंजिन बंद करावे.

आधी फुकटचे उपाय

पेट्रोलच्या टाकीचे झाकण पाहा. सैल झाकण किंवा त्याचे चिरलेले रबर, एवढ्यानेही दिवा लागतो (कोड पी०४५५ किंवा पी०४५७). झाकण घट्ट केल्यावर दिवा लगेच जात नाही. काही दिवस गाडी चालवल्यावर, पुन्हा दोष आढळला नाही तर तो आपोआप विझतो.

नंतर कोड वाचून घ्या. स्टिअरिंगखाली १६ पिनांचे सॉकेट असते, त्यात स्कॅनर लावायचा. साधा स्कॅनर वीस-तीस डॉलरपासून मिळतो. सुटे भाग विकणारी बरीच मोठी दुकाने कोड फुकट वाचून देतात. कोड कागदावर लिहून ठेवा आणि मगच गॅरेजमध्ये जा.

ऑक्सिजन सेन्सरचे काम

पेट्रोल नीट जळण्यासाठी वजनाने एक भाग पेट्रोलला सुमारे १४.७ भाग हवा लागते. हे प्रमाण जमले की नाही, हे एक्झॉस्टच्या पाइपमध्ये बसवलेला सेन्सर उरलेल्या ऑक्सिजनवरून ओळखतो. बॉश कंपनीने बनवलेला हा सेन्सर १९७६ साली प्रथम व्होल्वो गाड्यांत आला. नेहमीच्या सेन्सरचा व्होल्टेज सुमारे ०.१ ते ०.९ असा सतत वरखाली होतो. कमी व्होल्टेज म्हणजे हवा जास्त, अधिक व्होल्टेज म्हणजे पेट्रोल जास्त. बऱ्याच नव्या गाड्यांत पुढचा सेन्सर वेगळ्या जातीचा असतो, त्याला हे आकडे लागू नाहीत.

कन्व्हर्टरच्या आधीचा तो सेन्सर १, नंतरचा तो सेन्सर २. इंजिनाच्या ज्या बाजूला पहिला सिलिंडर, ती बँक १. हे माहीत असले की चुकीच्या जागचा सेन्सर बदलला जात नाही.

नेहमी दिसणारे कोड

पी०१३५, पी०१४१: सेन्सर लवकर तापावा म्हणून त्यात हीटर असतो, त्याच्या सर्किटमध्ये दोष. आधी फ्यूज आणि वायर पाहावी, मग सेन्सर.

पी०१३३: सेन्सर मंद झाला आहे. जुन्या, लाखभर मैल झालेल्या गाडीत हे स्वाभाविक आहे.

पी०१७१, पी०१७४: हवा जास्त, पेट्रोल कमी. इथे बहुधा सेन्सर खरेच सांगत असतो. फाटलेला व्हॅक्यूम पाइप, मळलेला हवामापक सेन्सर किंवा एक्झॉस्टची गळती शोधावी. निरोप आणणारा सेन्सरच बदलणे म्हणजे चोर सोडून संन्याशाला सुळी!

पी०४२०: कन्व्हर्टरचे काम कमी पडते आहे. हा भाग महाग असतो. म्हणून एक्झॉस्टची गळती, मागचा सेन्सर आणि इंजिनाचे मिसफायर तपासल्याशिवाय होकार देऊ नका.

थोडक्यात, कोड म्हणजे निदान नव्हे, फक्त लक्षण. "हाच भाग खराब आहे हे कोणत्या तपासणीवरून ठरवले?" असे मेकॅनिकला शांतपणे विचारावे आणि खर्चाचा अंदाज लेखी घ्यावा.

पैसे वाचवणाऱ्या दोन गोष्टी

पहिली, वॉरंटी. केंद्र सरकारच्या नियमानुसार कॅटॅलिटिक कन्व्हर्टर आणि इंजिनाचा कॉम्प्युटर यांना ८ वर्षे किंवा ८०,००० मैल, यांतले जे आधी संपेल तोवर संरक्षण आहे. गाडी सेकंडहँड घेतलेली असली तरी ते लागू राहते. कॅलिफोर्नियाचे नियम वेगळे आहेत. खर्च करण्यापूर्वी वॉरंटीचे पुस्तक जरूर चाळा.

दुसरी, कोड पुसून इन्स्पेक्शनला जाऊ नका. कोड पुसला किंवा बॅटरी काढली की गाडीच्या अंतर्गत तपासण्या अपूर्ण दिसतात आणि प्रदूषण चाचणीच्या ठिकाणाहून परत पाठवतात. दुरुस्तीनंतर काही दिवस शहरात आणि हायवेवर गाडी चालवून मग जावे.

नव्याने आलेल्या विद्यार्थ्यांनी जुनी गाडी घेतानाही हे लक्षात ठेवावे. इंजिन सुरू न करता किल्ली फिरवली की हा दिवा लागलाच पाहिजे. तो लागला नाही, किंवा स्कॅनरवर बऱ्याच तपासण्या अपूर्ण दिसल्या, तर विकणाऱ्याने काहीतरी झाकले असण्याचा संभव आहे. अशा वेळी व्यवहाराची घाई करू नये. आपल्या ओळखीत कोणी नुकतेच आले असेल, तर त्यांना हे अवश्य सांगा.