प्रकाशीय तंतू वलयातून नोड वगळणे

प्रकाशीय तंतू वलयातून नोड वगळणे ही दूरसंचार जाळ्याच्या देखभालीतील एक प्रक्रिया आहे. वलयाकार जाळ्यातील एखादा नोड चालू सेवा खंडित न करता कायमचा काढून त्याचे दोन्ही शेजारी नोड थेट एकमेकांना जोडणे, असे तिचे स्वरूप असते. केंद्र बंद करणे, जागा बदलणे किंवा जुने उपकरण निवृत्त करणे यांसाठी ती करावी लागते. पुढील वर्णन मुख्यतः एसडीएच व तिला समकक्ष असलेल्या सोनेट या प्रणालींच्या वलयांना लागू होते.

पार्श्वभूमी

वलयातील कोणत्याही दोन नोडांदरम्यान दोन दिशांनी मार्ग उपलब्ध असतो. एका ठिकाणी तंतू तुटल्यास संकेत उलट दिशेने वळवले जातात. आयटीयू-टीच्या जी.८४१ या शिफारशीनुसार सामायिक संरक्षण असलेल्या व १२०० किलोमीटरपेक्षा कमी तंतूच्या वलयात, अन्य बिघाड नसताना, हा बदल ५० मिलीसेकंदांत पूर्ण व्हावा लागतो. नोड वगळताना मात्र वलय जाणूनबुजून उघडले जाते व राखीव मार्ग वापरात येतो. त्या अवधीत दूरवर कोठेही खोदकामात केबल तुटली तर वलयाचे दोन तुकडे होतात. प्रत्यक्ष तंतू काढण्याच्या क्षणापेक्षा हा असंरक्षित काळ अधिक धोक्याचा असून तो किती लांबेल हे बहुतांशी पूर्वतयारीवर ठरते.

पूर्वतयारी

वलयात एकही प्रलंबित अलार्म नसल्याची खात्री प्रथम केली जाते. वगळायच्या नोडवर सुरू किंवा समाप्त होणारी सर्किटे अन्यत्र हलवली किंवा रद्द केली जातात. नोडमधून केवळ पुढे जाणारी सर्किटेही तपासावी लागतात. काही प्रकारच्या वलयांत अशी सर्किटे मधल्या नोडवर टाइम स्लॉट बदलतात. नोड गेल्यावर दोन्ही बाजूंचे स्लॉट जुळत नाहीत आणि सर्किट नव्याने बांधावे लागते. वलयाचा घड्याळ-संकेत याच नोडवरून येत असेल तर त्याची पर्यायी सोय आधी करावी लागते. हा मुद्दा सहज विसरला जातो.

दोन टप्पे एकत्र झाल्याने अंतर वाढते. उदाहरणार्थ, ३० व ४० किलोमीटरचे टप्पे जोडल्यास १५५० नॅनोमीटर तरंगलांबीवर, किलोमीटरला ०.२ डेसिबल या हिशेबाने, केवळ तंतूतील ऱ्हास सुमारे १४ डेसिबल होतो. त्यात कनेक्टर व सांध्यांचा ऱ्हास मिळवून शेजारच्या नोडांचे लेसर आणि ग्राहक पुरेसे आहेत का, हे काम सुरू करण्यापूर्वीच पाहावे लागते.

प्रत्यक्ष क्रिया

दोन्ही शेजारी नोडांवर, वगळायच्या नोडकडील बाजूस, ‘फोर्स्ड स्विच’ ही आज्ञा दिली जाते. ‘मॅन्युअल स्विच’ येथे पुरेसा नसतो, कारण अन्यत्र बिघाड होताच तो आपोआप रद्द होतो. त्यानंतर लेबल व नोंदी ताडून तंतू काढले जातात, कनेक्टर स्वच्छ केले जातात आणि शेजारी नोडांचे तंतू परस्परांना जोडले जातात. प्रेषण व ग्रहण यांची अदलाबदल होऊ नये म्हणून प्रकाशशक्ती दोन्ही टोकांना मोजतात. लेसरचा प्रकाश अवरक्त असल्याने डोळ्यांना दिसत नाही. त्यामुळे तंतूच्या टोकात पाहणे वर्ज्य मानले जाते.

सामायिक संरक्षणाच्या वलयात प्रत्येक नोडकडे वलयाचा नकाशा असतो. त्यातून जुना नोड काढला नाही, तर पुढच्या बिघाडाच्या वेळी एका ग्राहकाचा संकेत दुसऱ्याकडे पोहोचण्याचा संभव असतो. नोडांचे क्रमांक सलग असण्याची गरज नसल्याने उरलेल्या नोडांना नवे क्रमांक देण्याचे कारण नाही. नकाशा सर्वत्र अद्ययावत झाल्यावर व नव्या टप्प्यावर त्रुटी दिसत नसल्यासच फोर्स्ड स्विच मागे घेतात.

नवी जोडणी बहुधा जुन्याच केंद्राच्या वितरण-चौकटीवर केलेली असते. ती इमारत रिकामी होणार असेल, तर तात्पुरती पॅचकॉर्ड काढून इमारतीबाहेर कायमचा सांधा द्यावा लागतो.