ब्रिटनमधील पहिला किराणा, पहिला स्वयंपाक

उच्च शिक्षणासाठी ब्रिटनला जाणाऱ्या मराठी मुलामुलींचे वर्ष बहुधा सप्टेंबरअखेरीस सुरू होते. निघताना बॅगेत कुकर, दोन-तीन मसाले, मेतकूट आणि घरच्यांनी लिहून दिलेल्या कृतींची वही असते. ही शिदोरी जेमतेम पंधरवडा पुरते. त्यानंतर पहिला खरा किराणा भरण्याची वेळ येते आणि अनेकांच्या बाबतीत आयुष्यातील पहिला स्वयंपाकही त्याच सुमारास घडतो. तेथे रोज बाहेर जेवणे विद्यार्थ्याच्या खिशाला झेपत नाही. साहजिकच स्वयंपाक ही हौस न राहता वर्षभराच्या अंदाजपत्रकातील मोठी बाब ठरते.

वस्तू मिळत नाहीत, अशी तक्रार आता कोणी करू नये. लंडन, लेस्टर, बर्मिंगहॅम, मँचेस्टर येथे तर बहुतेक सारे मिळते. खरी अडचण असते ती वस्तू ओळखण्याची. चुकीची डाळ, चुकीचे पीठ आणि चुकीची मोहरी घेऊन घरी आलेला नवखा आपल्याला स्वयंपाक जमत नाही, असा समज करून घेतो. वास्तविक त्याला दुकानाची भाषा जमलेली नसते.

दुकानाची भाषा गुजराती

ब्रिटनमधील भारतीय किराण्याचा पाया मुख्यतः गुजराती आणि पंजाबी व्यापाऱ्यांनी घातला. लक्ष्मीशंकर पाठक १९५६ मध्ये केनियातून लंडनला आले आणि त्यांच्या उद्योगातून पुढे 'पटाक्स' हे नाव घरोघर पोचले. डाळी-मसाल्यांची 'टीआरएस' ही पेढी १९५९ पासूनची. १९७२ मध्ये इदी अमीनने युगांडातील आशियाई लोकांना देशाबाहेर काढले, तेव्हा हजारो गुजराती कुटुंबे ब्रिटनमध्ये आली आणि त्यांपैकी अनेकांनी दुकाने थाटली. लेस्टरचा बेलग्रेव्ह रोड आणि लंडनच्या वेम्बली भागातील ईलिंग रोड येथे आजही गुजराती दुकानांच्या रांगा दिसतात. साउथॉलमध्ये पंजाबी वळण अधिक, तर टूटिंग आणि ईस्ट हॅमकडे तमिळ दुकाने पुष्कळ. परंतु पाकिटांवरील नावांवर गुजरातीचा ठसा सर्वत्र आढळतो.

म्हणून 'पावा' म्हणजे पोहे, 'ममरा' म्हणजे कुरमुरे आणि 'सिंग' म्हणजे शेंगदाणे, हे ठाऊक असावे. उपासाची वरी 'मोरैयो' किंवा 'सामो' या नावाने मिळते. 'मठ' म्हणजे आपली मटकी, 'अडद' म्हणजे उडीद. 'गोळ' असे लिहिलेले दिसले की ती गुळाची ढेप समजावी. 'धाणाजीरू' हे धने-जिऱ्याची एकत्र पूड असलेले पाकीट फार उपयोगी. नवख्याने धने आणि जिरे पूड वेगवेगळी घेण्याचे कारण नाही. भाज्यांमध्ये 'तिंडोरा' म्हणजे तोंडली, 'तुरिया' म्हणजे दोडका, 'गलका' म्हणजे घोसाळे आणि 'रवैया' म्हणजे भरायची लहान वांगी. सर्वांत फसवे नाव 'रताळू'. गुजरातीत रताळू म्हणजे जांभळा कंद, आपले कोनफळ. आपल्याला हवे असलेले रताळे तेथे 'शक्करिया' म्हणून ओळखले जाते आणि इंग्रजी दुकानात 'स्वीट पोटॅटो' म्हणून. 'मोगो' हा जाड सालीचा लांब कंद पूर्व आफ्रिकेतून गुजराती स्वयंपाकात आला. तो कसावा असून कच्चा खाऊ नये, नीट उकडूनच खावा.

तूर डाळीच्या पाकिटावर 'ऑइली' असा शब्द पुष्कळदा असतो. डाळ टिकावी म्हणून तिला तेल चोळलेले असते. ती गरम पाण्याने दोन-तीनदा खळखळून धुवावी, नाहीतर वरणाला तेलाचा उग्र वास येतो. कोरडी डाळ मिळत असेल तर नवख्याने तीच घ्यावी.

जवळपास भारतीय दुकान नसेल, तर मोठ्या इंग्रजी दुकानातही काम भागते. मात्र तेथे फसगत वेगळ्या प्रकारची. 'ग्रॅम फ्लोअर' म्हणजे बेसन. वजनाच्या ग्रॅमशी त्याचा संबंध नाही. 'यलो स्प्लिट पीज' ही हरभऱ्याची डाळ नव्हे, वाटाण्याची डाळ आहे. 'कॅरवे' दिसायला थेट जिऱ्यासारखे, पण फोडणीत घातले की पदार्थाचा स्वाद पार बदलतो. 'ओनियन सीड' म्हणून विकले जाते ते कांद्याचे बी नसून बहुधा कलौंजी असते. पिवळी, टपोरी मोहरी लोणच्यात घालण्यासारखी. फोडणीसाठी काळी किंवा तपकिरी बारीक मोहरीच हवी. 'चिली पावडर'मध्ये कधी जिरे, लसूण आणि मीठही मिसळलेले असते, त्यामुळे घटकांची यादी वाचावी. 'करी पावडर' मात्र मुळीच घेऊ नये. एकदा ती घरात आली की सर्व भाज्यांची चव एकच होते.

तेलाच्या बाटलीवर 'व्हेजिटेबल ऑइल' लिहिलेले असले, तर ते बहुधा रेपसीडचे असते. ते स्वस्त असून फोडणीला उत्तम चालते. शेंगदाण्याचे तेल 'ग्राउंडनट ऑइल' या नावाने मिळते, पण महाग पडते. मोहरीच्या तेलावर 'केवळ बाह्य वापरासाठी' अशी सूचना आढळते. त्यातील इरूसिक आम्लामुळे तेथील नियम ते खाद्यतेल म्हणून विकू देत नाहीत.

पीठ आणि तांदूळ

पोळ्या ज्यांना येत नाहीत त्यांनी पहिल्या महिन्यात त्या नादी लागू नये, असे स्पष्ट सांगावेसे वाटते. थकून घरी आल्यावर पोळपाट-लाटणे घेऊन भारताचा नकाशा लाटण्यापेक्षा भात लावावा आणि ब्रेड खावा. तरीही पीठ घ्यायचेच असेल, तर 'चपाती फ्लोअर' किंवा 'आटा' असे लिहिलेलेच घ्यावे. त्यातही 'व्हाइट', 'मीडियम' आणि 'होलमील' असे प्रकार असतात. आपल्या पोळीला 'मीडियम' जवळचे. 'प्लेन फ्लोअर' म्हणजे मैदा. 'सेल्फ-रेझिंग फ्लोअर'मध्ये बेकिंग पावडर आधीच घातलेली असते, त्याची पोळी होत नाही.

तांदळात बासमती सर्वत्र मिळतो, पण रोजच्या वरण-भाताला तो फार मोकळा वाटतो. भारतीय दुकानात सोना मसुरी किंवा कोलम मिळाल्यास तो घ्यावा. इंग्रजी दुकानातील 'ईझी कुक' तांदूळ हा उकडा प्रकार आहे. 'पुडिंग राइस' हा आखूड, चिकट तांदूळ खिरीसाठी विकतात, पण आजारपणातील गुरगुट्या भाताला तो अगदी योग्य.

पहिल्या फेरीत दोन किलो तांदूळ, एक किलो मूग डाळ, अर्धा किलो मसूर डाळ, एक लिटर तेल, आणि मोहरी, जिरे, हळद, तिखट, धाणाजीरू यांची प्रत्येकी शंभर ग्रॅमची पाकिटे एवढेच घ्यावे. भारतीय दुकानातील असे पाकीट इंग्रजी दुकानातील छोट्या बाटलीपेक्षा खूपच स्वस्त पडते. हिंगाची लहान डबी वर्ष काढते. गव्हाचे पदार्थ न चालणाऱ्यांनी तिच्यावरील यादी पाहावी, कारण हिंगात पुष्कळदा कणीक मिसळतात. मसूर डाळीला इंग्रजी दुकानात 'रेड लेंटिल' म्हणतात. तिला भिजवणे नको, कुकर नको. साध्या पातेल्यात वीस मिनिटांत शिजते. पहिल्या रात्री नवख्याची लाज राखणारी डाळ हीच.

पाणी, शेगडी आणि फोडणी

लंडनला आलेल्या मुलांची एक तक्रार नेहमी ऐकू येते, की डाळ शिजतच नाही. याचे कारण पुष्कळदा पाण्यात असते. लंडन आणि आग्नेय इंग्लंडचे पाणी जड आहे. त्यातील कॅल्शियम आणि मॅग्नेशियममुळे डाळी-कडधान्यांची साल व पेशी लवकर मऊ होत नाहीत. मँचेस्टर किंवा स्कॉटलंडमध्ये पाणी हलके असल्याने हा त्रास जाणवत नाही. जड पाण्याच्या गावी तूर डाळ तासभर कोमट पाण्यात भिजवावी, आणि चिंच, टोमॅटो, कोकम यांतील काहीही डाळ पूर्ण शिजल्याशिवाय घालू नये, कारण आंबटानेही डाळ दडस राहते. डाळ जुनी असेल तर चिमूटभर खाण्याचा सोडा उपयोगी पडतो.

शेगडी बहुधा विजेची असते. इंडक्शन असेल तर भांड्याच्या तळाला लोहचुंबक चिकटते का, हे भारतातून निघण्यापूर्वीच पाहावे. नेहमीचा ॲल्युमिनियमचा कुकर तिच्यावर तापतच नाही. काचेच्या पृष्ठभागाची साधी विजेची शेगडी असेल, तर बंद केल्यावरही ती बराच वेळ गरम राहते. शिट्ट्या मोजण्याची पद्धत तेथे गोंधळात टाकते. पहिली शिट्टी झाली की आच कमी करावी आणि घड्याळ पाहावे. भाताला पाच-सहा मिनिटे आणि भिजवलेल्या तूर डाळीला बारा ते पंधरा मिनिटे पुरतात.

पहिला पदार्थ म्हणून मुगाच्या खिचडीला तोड नाही. एक वाटी तांदूळ, अर्धी वाटी मूग डाळ, चार वाट्या गरम पाणी, अर्धा चमचा हळद, चवीपुरते मीठ. दोघांचे पोटभर जेवण होते. वाटी कोणतीही चालते, फक्त ती बदलू नये. कमलाबाई ओगले यांच्या 'रुचिरा'ने (१९७०) वाटी-चमच्याचे प्रमाण मराठी घरांत रुजवले, त्यामागील शहाणपण हेच. ग्रॅमचा काटा नसला तरी प्रमाण टिकते.

फोडणी वहीत एका ओळीत लिहिलेली असते आणि नवख्यांची धांदल तेथेच उडते. मोहरी, जिरे, हिंग, हळद हे सर्व आधी हाताशी घेऊन मगच तेल तापवावे. मोहरीचे दोन दाणे टाकून पाहावेत. ते लगेच तडतडले तर तेल तयार आहे. मोहरी तडतडल्यावर जिरे, मग हिंग. त्यानंतर भांडे शेगडीवरून उचलून हळद आणि तिखट घालावे. विजेच्या शेगडीवर आच क्षणात कमी होत नाही, त्यामुळे भांडे उचलणे हाच तिखट न जळू देण्याचा खात्रीचा उपाय.

त्या मुलखात फोडणीला आणखी एक बाजू आहे. वसतिगृहांच्या मार्गिकेत धूर ओळखणारे यंत्र असते. जळक्या मिरचीच्या धुराने ते वाजले, तर मध्यरात्रीही सारी इमारत खाली उतरवतात. यासाठी फोडणी करताना स्वयंपाकघराचे दार बंद, धूर ओढणारा पंखा चालू आणि हाताशी झाकण असावे. यंत्रावर प्लॅस्टिकची पिशवी बांधण्याचा उद्योग काही मुले करतात, तो धोकादायक आहे. तेलाने पेट घेतलाच, तर पाणी कदापि ओतू नये आणि भांडे उचलून धावू नये. शक्य असेल तर शेगडी बंद करावी, दार लावून बाहेर पडावे आणि ९९९ हा क्रमांक फिरवावा.

शिळा भात आणि राजमा

रविवारी आठवड्याचा भात रांधून ठेवण्याची कल्पना सोयीची वाटते, पण ती अमलात आणू नये. तांदळात असणाऱ्या 'बॅसिलस सिरिअस' या जिवाणूचे बीजाणू शिजवल्यावरही मरत नाहीत. भात उबदार खोलीत तासन् तास राहिला की ते वाढून विष तयार करतात, आणि ते विष भात पुन्हा गरम केल्यानेही नष्ट होत नाही. ब्रिटनच्या अन्नसुरक्षा विभागाचा सल्ला असा, की उरलेला भात शक्यतो तासाभरात थंड करून फ्रिजमध्ये ठेवावा, चोवीस तासांत संपवावा आणि एकदाच, वाफा येईपर्यंत गरम करावा. सकाळचा फोडणीचा भात यात बसतो. खोलीत रात्रभर उघडा राहिलेला भात बसत नाही.

राजम्याची गोष्ट याहून गंभीर. कच्च्या राजम्यात लेक्टिन हे विषारी द्रव्य असते आणि अर्धवट शिजलेल्या मोजक्या दाण्यांनीही तीव्र उलट्या-जुलाब होतात. मंद आचेच्या 'स्लो कुकर'मध्ये कोरडा राजमा थेट शिजवणे म्हणूनच घातक; तेथील तापमान हे द्रव्य मोडण्याइतके चढतच नाही. राजमा रात्रभर भिजवावा, ते पाणी फेकावे, ताज्या पाण्यात किमान दहा मिनिटे खळखळून उकळावा आणि मग मऊ होईपर्यंत शिजवावा. प्रेशर कुकरमध्ये नीट शिजलेला किंवा डब्यातील राजमा सुरक्षित असतो.

बॅगेत काय न्यावे

तांदूळ, डाळ, पोहे यांचा भार वाहून नेण्यात अर्थ नाही. तेथे सहसा न मिळणाऱ्या गोष्टी म्हणजे गोडा मसाला, मेतकूट, थालीपिठाची भाजणी आणि आमसुले. यांसाठी जागा राखावी. ओल्या खोबऱ्याची चिंता नको, किसलेला नारळ गोठवलेल्या पाकिटात मिळतो. कोथिंबीर आणि कढीपत्ता भारतीय दुकानातून मोठ्या जुड्यांत आणावा. कढीपत्ता धुऊन, कोरडा करून फ्रीजरमध्ये ठेवला की महिनोन् महिने फोडणीला पुरतो.

दुधाचे पदार्थ आणि मांस भारतातून ब्रिटनमध्ये वैयक्तिक सामानात नेता येत नाही. म्हणजे पेढे, खवा आणि साजूक तूप, तिन्ही घरीच ठेवावे लागते. तुपाचा प्रश्न सहज सुटतो. 'अनसॉल्टेड बटर'ची अडीचशे ग्रॅमची वडी मंद आचेवर कढवावी. बेरी तपकिरी होऊन बुडबुडे शांत झाले की गाळावे. साधारण दोनशे ग्रॅम तूप निघते. विरजणासाठी 'लाइव्ह' असे लिहिलेले साधे दही घ्यावे. जानेवारीच्या थंडीत ते ओट्यावर लागत नाही. पातेले टॉवेलमध्ये गुंडाळून, बंद असलेल्या ओव्हनमध्ये फक्त दिवा लावून रात्रभर ठेवावे.