न कळणारी प्रार्थना आणि कळणारं पुस्तक

मैत्रिणींनो, कसालहून बोलतेय.

गेल्या महिन्यात आमच्या गटाची बैठक होती. हप्ते गोळा झाले, वही लिहून झाली, चहा आला आणि गप्पा सुरू झाल्या. मालवणच्या बाजूला माहेर असलेली आमची एक ख्रिश्चन मैत्रीण सांगू लागली. ती एका प्रार्थनासभेला गेली होती. तिथं एक बाई डोळे मिटून प्रार्थना करता करता भलतंच काही बोलू लागली. ते मराठी नव्हतं, कोंकणी नव्हतं, इंग्रजीही नव्हतं. "कोणाक काय समाजला नाय, पण माझ्या आंगार काटो इलो," असं ती म्हणाली. लगेच कुणीतरी बोललं, "कोणाक समाजला नाय तर ती प्रार्थना कसली गो?" सगळ्याजणी हसल्या. मीही हसले. ती मात्र गप्प झाली आणि चहा अर्धाच ठेवून उठली.

मला ते लागून राहिलं. घरी येऊन वाचायला घेतलं, तेव्हा कळलं की आम्ही हसण्यावारी नेलेला तो प्रश्न जवळजवळ दोन हजार वर्षं जुना आहे. ख्रिस्ती लोकांमध्ये त्यावरून मंडळ्या फुटल्या आहेत. आणि त्या वादाचं एक मोठं पान आपल्याच महाराष्ट्रात, पुणे जिल्ह्यातल्या केडगावला लिहिलं गेलं, तेही बायकांच्या एका संस्थेत. आज तीच गोष्ट सांगते.

आधी मूळ कुठं आहे ते बघू. बायबलच्या नव्या करारात 'प्रेषितांची कृत्ये' नावाचं पुस्तक आहे. येशूनंतर पन्नासाव्या दिवसाच्या सणाला, म्हणजे पेंटेकॉस्टला, त्याचे शिष्य यरुशलेममध्ये जमले होते. त्यांच्यावर पवित्र आत्मा उतरला आणि ते वेगवेगळ्या भाषांत बोलू लागले, असं त्यात लिहिलंय. सणाला देशोदेशींचे लोक आले होते. प्रत्येकाला आपापली भाषा ऐकू आली. काहींनी मात्र थट्टा केली, की हे दारू पिऊन बडबडताहेत. म्हणजे बघा, थट्टा पहिल्याच दिवसापासून आहे.

पुढं वीस-पंचवीस वर्षांनी ग्रीस देशातल्या करिंथ नावाच्या बंदरात वेगळाच प्रकार सुरू झाला. तिथल्या मंडळीत लोक 'अन्य भाषांत' बोलत, पण ते कुणालाच कळत नसे. ज्याला ते जमे तो स्वतःला मोठा समजे, बाकीचे खट्टू होत. संत पौलानं त्यांना पत्र लिहिलं. त्याचा सूर मला आवडला. तो म्हणतो, हे दान खरं आहे, मलाही आहे, कुणाला मना करू नका. पण सभेत न कळणारे दहा हजार शब्द बोलण्यापेक्षा कळणारे पाच शब्द बरे. बोलायचंच तर दोघातिघांनी, एकामागून एक, आणि अर्थ सांगणारा कुणी असेल तरच. नाहीतर मनातल्या मनात देवाशी बोला.

का, तर शेजारी बसलेल्याला अर्थच कळला नाही, तर तो 'आमेन' कशाला म्हणेल? हे वाचलं आणि मला आपलं गाऱ्हाणं आठवलं. देवळात गाऱ्हाणं घालताना एकेक मागणी मोठ्यानं सांगितली जाते आणि जमलेली माणसं 'व्हय महाराजा' म्हणतात. काय मागितलं ते कळतं म्हणून तो होकार सगळ्यांचा होतो. पौलाचं म्हणणं नेमकं हेच आहे.

त्याच पत्राच्या त्याच अध्यायात आणखी एक गोष्ट आहे, ती लपवून चालणार नाही. बायकांनी सभेत गप्प राहावं, असंही तिथं लिहिलंय. ते वाक्य पौलाचं की नंतर कुणी घातलेलं, ते सगळ्या काळासाठी की त्या एका गावापुरतं, यावर अभ्यासक आजही भांडतात. एवढं लक्षात ठेवा. पुढं उपयोगी पडेल.

नंतरच्या काळात हे बोलणं हळूहळू मागं पडलं. दुसऱ्या शतकात मोंटानस नावाच्या माणसाबरोबर प्रिस्किला आणि मॅक्सिमिला या दोन बायका आवेशात संदेश सांगू लागल्या. चर्चच्या पुढाऱ्यांनी त्यांना बाहेर काढलं. चौथ्या-पाचव्या शतकातल्या संत ऑगस्टीननं लिहिलं, की अन्य भाषांची ती खूण सुरुवातीच्या काळापुरती होती, आता ती सरली. बहुतेक चर्चांनी पुढं शेकडो वर्षं हेच मानलं.

आता येऊ केडगावला. पंडिता रमाबाई आपल्याला शाळेच्या पुस्तकातून माहीत आहेत. जन्म १८५८ चा. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी बायकोला, लक्ष्मीबाईंना, संस्कृत शिकवलं म्हणून लोकांचा विरोध ओढवून घेतला. त्याच आईनं रमाबाईंना संस्कृत शिकवलं. १८७८ साली कलकत्त्याच्या विद्वानांनी त्यांना 'पंडिता' आणि 'सरस्वती' म्हटलं. लग्नानंतर दोन वर्षांतच नवरा गेला, पदरात लहानगी मनोरमा. १८८३ मध्ये इंग्लंडात त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. १८८९ मध्ये मुंबईत विधवांसाठी शारदा सदन काढलं. पुढं दुष्काळात उघड्यावर पडलेल्या शेकडो मुली-बायका त्यांनी गोळा करून आणल्या आणि केडगावच्या माळावर मुक्ती सदन उभं राहिलं. तिथं मुली विणकाम शिकत, शेती बघत, छापखाना चालवत.

१९०५ च्या सुरुवातीला रमाबाईंनी मुक्तीत प्रार्थनेचे गट सुरू केले. परदेशात वेल्समध्ये आणि इकडं खासी टेकड्यांवर ख्रिस्ती लोकांत 'उज्जीवन' सुरू झाल्याच्या बातम्या आल्या होत्या. उज्जीवन म्हणजे थंडावलेली श्रद्धा पुन्हा पेटणं. जूनपर्यंत साडेपाचशे जणी दिवसातून दोनदा प्रार्थनेला बसू लागल्या. २९ जूनच्या पहाटे एक मुलगी जागी झाली. आपल्या अंगात आग उतरलीय असं तिला वाटत होतं. तिच्याभोवती ज्वाळा दिसताहेत असं वाटून देखरेखीची बाई पाण्याची बादली आणायला धावली, अशी हकीकत नोंदली गेली आहे. दुसऱ्या दिवशी रमाबाई शिकवत असताना मुली एकाएकी रडू लागल्या, मोठमोठ्यानं प्रार्थना करू लागल्या. त्यानंतर कितीतरी दिवस शेकडो जणींची प्रार्थना एकाच वेळी, मोठ्या आवाजात चाले.

१९०६ मध्ये मुक्तीत अन्य भाषाही ऐकू येऊ लागल्या. जवळच्या दौंडला मुलांचं अनाथालय चालवणारे आल्बर्ट नॉर्टन यांनी लिहिलं, की इंग्रजी न येणाऱ्या एका मराठी मुलीला आपण इंग्रजीत प्रार्थना करताना ऐकलं. त्याच वर्षी एप्रिलपासून अमेरिकेत लॉस एंजेलिस शहरातल्या अझुसा रस्त्यावर विल्यम सीमोर या काळ्या उपदेशकाच्या सभांमध्येही अन्य भाषा सुरू झाल्या होत्या. आज जगभर पसरलेल्या पेंटेकॉस्टल मंडळ्यांचा उगम बहुतेक जण तिथूनच मोजतात. पण मुक्तीतलं उज्जीवन त्याच्या आधीच्या वर्षीचं आहे, हे विसरू नका.

आणि वाद पेटला. त्यात तीन प्रश्न होते.

पहिला प्रश्न, ही खरोखरची भाषा असते का? अमेरिकेतल्या काहींना वाटलं, की देव आपल्याला परक्या देशांच्या भाषा आयत्या देतो, शिकायची गरज नाही. अझुसाहून आल्फ्रेड गार आणि त्यांची पत्नी लिलियन १९०७ च्या सुरुवातीला कलकत्त्याला आले. आपल्याला बंगाली मिळालीय अशी गार यांची समजूत होती. बंगाली माणसांसमोर ती चालली नाही. शेवटी त्यांनी मत बदललं. हे बोलणं देवाच्या स्तुतीसाठी आहे, प्रचारासाठी नाही, असं ते म्हणू लागले. मुक्तीतल्या मुलीबद्दलही कुणी विचारेल, की तिथं गोऱ्या बायका राहत होत्या, इंग्रजी कानावर पडतच असणार. विचारणं रास्तच आहे.

दुसरा प्रश्न, हे ज्याला येत नाही त्याला पवित्र आत्मा मिळालाच नाही का? अझुसाच्या बाजूचे पुष्कळ जण म्हणत, अन्य भाषा हीच पहिली खूण. मुक्तीत मिनी एब्रम्स नावाच्या अमेरिकन बाई रमाबाईंच्या सोबतीला होत्या. १९०६ मध्ये त्यांनी या अनुभवावर पुस्तक लिहिलं. अन्य भाषा ही मोलाची गोष्ट आहे, पण ती प्रत्येकीला आलीच पाहिजे असं नाही, असं त्यांचं मत. हे पुस्तक त्यांनी आपल्या जुन्या मैत्रिणीला, मे हूवर यांना, दक्षिण अमेरिकेतल्या चिली देशात पाठवलं. तिथं १९०९ मध्ये उज्जीवन झालं आणि त्यातून चिलीतल्या पेंटेकॉस्टल मंडळ्या उभ्या राहिल्या. केडगावच्या माळावरची गोष्ट एका मैत्रिणीनं दुसरीला कळवली आणि ती समुद्रापलीकडं रुजली.

तिसरा प्रश्न सगळ्यात कडवट होता. हे देवाचं की सैतानाचं, की नुसतं डोकं फिरलेलं? १९०९ मध्ये जर्मनीतल्या काही ख्रिस्ती पुढाऱ्यांनी बर्लिनमध्ये जाहीरनामाच काढला, की ही चळवळ वरून नव्हे, खालून आलेली आहे. आपल्याकडेही शिस्तीत, हळू आवाजात प्रार्थना करणाऱ्या मिशनरींना मुक्तीतला कल्लोळ रुचला नाही.

आता रमाबाईंची जागा बघा. एकीकडे ही संस्कृतची पंडिता. पाणिनीचं व्याकरण जाणणारी. शब्दाचा अर्थ ही तिची कमाई. दुसरीकडे तिच्याच अंगणात दुष्काळातून आलेल्या पोरी अर्थ न लागणारं बोलताहेत. तिनं त्यांना गप्प करणं सोपं होतं. बाहेरच्यांनी वाहवाच केली असती. रमाबाईंनी तसं केलं नाही. त्यांनी मुक्तीच्या पत्रिकेत लिहिलं त्याचा आशय असा, की भारतातल्या माणसांना आपल्या स्वभावाप्रमाणे देवाजवळ रडू द्या, ओरडू द्या, परदेशी शिस्तीच्या साच्यात त्यांना बसवू नका. खोटं कुणी करत असेल, पण म्हणून सगळंच खोटं ठरत नाही.

पण त्या दुसऱ्या टोकालाही गेल्या नाहीत. पवित्र आत्मा मिळाल्याची एकच आवश्यक खूण आहे आणि ती म्हणजे प्रेम, असं त्यांनी ठामपणे म्हटलं. अन्य भाषा, रोग बरे करणं, ही दानं टाकून देऊ नयेत, पण त्यांनी कुणाला मोजूही नये.

मैत्रिणींनो, त्या पोरी कोण होत्या ते आठवा. कुणी बालविधवा, कुणाचे आईबाप भुकेनं गेलेले. आयुष्यभर त्यांना एकच सांगितलं होतं, तोंड उघडू नकोस. बायकांनी सभेत गप्प राहावं, असं वाक्य त्या पत्रात असूनही त्या मोठ्यानं प्रार्थना करत होत्या, आणि पुढं गटागटानं आसपासच्या गावांत उपदेशालाही जात होत्या. त्यांच्या तोंडून निघालं ते देवाचं होतं का, हे ज्याचं त्यानं ठरवावं. पण तो त्यांचा आवाज होता आणि एका शहाण्या बाईनं तो दाबला नाही, एवढं नक्की.

आणि हीच रमाबाई त्याच वर्षांत दुसरं एक काम करत होती. मराठीत बायबल होतं, पण खेड्यातल्या साध्या बाईला ते जड जाई. म्हणून रमाबाई हिब्रू आणि ग्रीक शिकल्या आणि सोप्या मराठीत सगळं बायबल नव्यानं आणायला बसल्या. शेवटपर्यंत ते काम चाललं. १९२१ मध्ये मुलगी मनोरमा गेली, ५ एप्रिल १९२२ ला त्या स्वतः गेल्या. ते बायबल १९२४ मध्ये, मुक्तीतल्याच बायकांनी चालवलेल्या छापखान्यातून बाहेर आलं.

म्हणजे एकाच बाईनं न कळणाऱ्या प्रार्थनेला जागा दिली आणि कळणाऱ्या पुस्तकासाठी आयुष्य वेचलं. मला यात विरोध दिसत नाही. देवाशी एकटीनं बोलायचं ते कसंही बोला. चौघींना सांगायचं ते मात्र चौघींना कळेल असं सांगा. पौलाचं म्हणणं तरी दुसरं काय होतं?

वाद आजही मिटलेला नाही. १९६७ नंतर कॅथलिक लोकांतही अशा प्रार्थना सुरू झाल्या. काही चर्च आजही त्यांना थारा देत नाहीत. विल्यम समारिन या भाषाशास्त्रज्ञानं १९७२ मध्ये लिहिलं, की ही कुठली परकी भाषा नसते, बोलणाऱ्याच्या ओळखीचेच ध्वनी त्यात येतात. २००६ मध्ये अमेरिकेत पाच बायकांच्या मेंदूची तपासणी झाली. असं बोलताना, स्वतःवर ताबा ठेवणाऱ्या मेंदूच्या पुढच्या भागातलं काम कमी झालेलं दिसलं. पण त्या पाचही जणी एरवी ठणठणीत होत्या. म्हणजे वेड म्हणून उडवून लावायची सोय राहिली नाही, आणि चमत्कार म्हणून सिद्धही झालं नाही.

आपल्याकडेही बाईच्या अंगात वारं येतं. ती गोष्ट वेगळी, तिची श्रद्धा वेगळी. पण बाई वेगळ्या सुरात बोलू लागली की आपण दोनच गोष्टी करतो, पाया पडतो नाहीतर हसतो. तिच्याजवळ बसून, "बाय, तुका काय वाटला ता सांग," असं विचारायचं मात्र राहून जातं.

या महिन्याच्या बैठकीआधी मी त्या मैत्रिणीकडे गेले. हसल्याबद्दल वाईट वाटतं म्हणून सांगितलं. रमाबाईंची गोष्ट तिला ठाऊक नव्हती. ऐकून घेतली, मग म्हणाली, "ह्या बैठकीत सांग." मी म्हटलं, रेडिओवरच सांगते.

तर मैत्रिणींनो, बैठकीत हप्ते गोळा झाले की एकदा हा विषय काढा. पटलं तर 'व्हय महाराजा' म्हणा. नाही पटलं तर तेही, कळेल अशा शब्दांत, मोठ्यानं सांगा.