रेशमी मोजे, नार्सिससचा वास आणि माझा कापलेला प्रश्न

माझ्या प्रश्नावलीच्या पहिल्या मसुद्यात एक प्रश्न होता: 'दुकानातल्या सुगंधाचा तुमच्या खरेदीवर परिणाम झाला का? हो / नाही.' गाइड सरांनी त्यावर सरळ काट मारली. म्हणाले, "आधी लेयर्डचा १९३२चा पेपर वाच." तेव्हा राग आला होता. पेपर वाचला आणि राग गेला.

डोनाल्ड लेयर्ड हे अमेरिकेतल्या कोलगेट विद्यापीठातले मानसशास्त्रज्ञ. त्यांनी न्यूयॉर्क राज्यातल्या युटिका शहरात २५० गृहिणींसमोर रेशमी पायमोज्यांचे चार जोड ठेवले आणि सर्वांत चांगला कोणता ते विचारलं. जोड अगदी एकसारखे होते. फरक फक्त वासाचा: एकाला नार्सिसस फुलाचा, एकाला फळांचा, एकाला कपाटात ठेवतात त्या सुगंधी पुडीचा, आणि चौथा जसा कारखान्यातून आला तसाच.

नार्सिससचा जोड ५० टक्के जणींनी निवडला, फळांचा २४, पुडीचा १८ आणि चौथा जेमतेम ८ टक्के जणींनी. कारण विचारल्यावर बायकांनी पोत, वीण, टिकाऊपणा असं काय काय सांगितलं. वास आहे हे लक्षात आलं फक्त ६ जणींच्या!

गंमत इथेच आहे. त्या खोटं बोलत नव्हत्या. निवड आधी झाली आणि मनाने कारण नंतर शोधलं. मग माझ्या 'हो / नाही'ला काय किंमत राहिली?

पण थांबा, पेपर आवडला म्हणून डोळे मिटून उद्धृत करायचा नसतो. चौथ्या जोडाला 'बिनवासाचा' समजू नका. प्रक्रियेत वापरलेल्या तेलांमुळे त्याला किंचित खवट वास होता. म्हणजे बायका सुगंधाकडे ओढल्या गेल्या की खवटपणापासून दूर गेल्या, हे नीट वेगळं करता येत नाही. शिवाय लेयर्डनी दर्जाबद्दलचं मत विचारलं होतं. पैसे मोजून कोणी काही विकत घेतलं नव्हतं.

आणि स्मृती? तिचा तर या प्रयोगात पत्ताच नाही. तरी सिनॉप्सिसमध्ये आपण बिनधास्त लिहितो, 'सुगंधाने आठवणी जाग्या होतात, म्हणून विक्री वाढते.' पहिल्या भागासाठी आधार कोण, तर प्रूस्त. चहात बुडवलेल्या मादलेनचा तो प्रसिद्ध प्रसंग १९१३ साली आला, पण कादंबरीत. आणि तिथे वासापेक्षा चवच पुढे आहे. वासाचे संदेश थॅलॅमसमध्ये न थांबता भावनांशी निगडित अमिग्डालापर्यंत पोचतात, हे खरं. त्यातून एक वाट दिसते, विक्री सिद्ध होत नाही. वाक्यातला तो 'म्हणून' अजून कमवायचा आहे.

आता मी सुगंधाबद्दल थेट विचारत नाही. दोन गट, वस्तू तीच, एका खोलीत वास आणि दुसरीत नाही. वासाचा प्रश्न सगळ्यात शेवटी. काम दुप्पट झालंय. पण तुमच्या प्रश्नावलीत 'तुम्ही हे का निवडलं?' असेल, तर तुम्हीही तपासा: उत्तर देणाऱ्याला ते खरंच माहीत असतं का?