नाणेघाटांतून परदेशीं गेलेलें कापड

जुन्नरच्या पश्चिमेस, सह्याद्रीच्या अगदीं कड्यावर, घाटघर नांवाचें लहानसें खेडें आहे. तेथून कोंकणांत उतरणारी खिंड ती नाणेघाट. खिंडीच्या तोंडाशीं असलेल्या दगडी रांजणांत जकातीचीं नाणीं टाकीत, असें लोक सांगतात. ही आख्यायिका बाजूस ठेवली, तरी शेजारच्या लेण्यांत सातवाहन राणी नागनिकेचा ब्राह्मी लेख आहे. आणि जेथें राजघराण्यानें आपल्या यज्ञांचा व दानांचा हिशेब कोरून ठेवावा, तो रस्ता आडवळणाचा खास नव्हे.

पैठणकडील माल कल्याण बंदरास नेण्याची ही जवळची वाट. असें असतां, इसवी सनाच्या पहिल्या शतकांत ‘पेरिप्लस’ लिहिणारा ग्रीक दर्यावर्दी निराळेंच सांगतो. तेर, म्हणजे प्राचीन तगर, येथील जाडेंभरडें कापड व मलमलीचे नाना प्रकार गाड्यांत घालून बिकट वाटांनीं थेट भडोचला जात. भडोचहून पैठण वीस दिवसांच्या वाटेवर, आणि तेर त्याच्या पूर्वेस आणखी दहा दिवस! कल्याण इतकें जवळ असतां हा द्राविडी प्राणायाम कशासाठीं?

कारणहि त्यानेंच दिलें आहे. पूर्वीं कल्याण व्यापारास मोकळें होतें; पुढें तें संदनेसच्या हातीं गेलें व तेथील व्यापार अडला. चुकून आलेलीं ग्रीक जहाजें पहाऱ्यांत भडोचकडे नेलीं जात. हा संदनेस कोण, ह्याविषयीं पंडितांचें एकमत नाहीं. त्याच्या चौकीपहाऱ्याचा परिणाम मात्र स्पष्ट आहे.

माग बंद पडले नव्हते. नहपान क्षत्रपाचा जांवई उषवदात ह्यानें नाशिकजवळच्या गोवर्धन येथील विणकरांच्या दोन श्रेणींकडे ३,००० कार्षापण कायम ठेव म्हणून ठेवले. २,००० दरमहा शेंकडा एक व्याजानें आणि १,००० शेंकडा पाऊण व्याजानें. त्या व्याजांतून भिक्षूंचीं वस्त्रें व इतर खर्च चालावयाचा. ज्यांच्याकडे राजाचा जांवई बेमुदत ठेव ठेवतो, त्या विणकरांची पत केवढी असेल! पुढें गौतमीपुत्र सातकर्णीनें नहपानाचा पराभव केला. १९०६ मध्यें जोगळटेंभी येथें सांपडलेल्या १३,००० हून अधिक नाण्यांपैकीं बहुतेकांवर त्यानें आपला छाप पुन्हां मारलेला आहे. अपरान्तहि त्याच्याकडे आल्यानें घाटाचा माथा व पायथा पुन्हां एका सत्तेखालीं आले.

घाटघरची वाट खऱ्या अर्थानें मागें पडली ती फार उशिरां. १८६३ मध्यें बोरघाटांतून व १८६५ मध्यें थळघाटांतून आगगाडी गेली, आणि दोन्ही फांटे कल्याणासच मिळाले. त्याच कल्याणाशेजारीं शहाड येथें १९५६ मध्यें सेंच्युरी रेयॉनचा कारखाना सुरू झाला. तेथील कृत्रिम रेशमाचें सूतहि परदेशीं गेलें; परंतु त्यासाठीं देशावरचा कापूस लागत नाहीं. तें निघतें लांकडाच्या लगद्यापासून.