तात्पुरतें छप्पर

मनीषनगरांत माझ्या घरासमोरच्या मोकळ्या जागेवर सध्यां एक मोठी इमारत उठत आहे. तिच्या कडेला मजुरांसाठीं पत्र्याच्या खोल्यांची एक ओळ उभी केलेली आहे. मे महिन्यांत नागपूरचा पारा ४५ अंशांच्या घरांत गेला कीं भर दुपारीं त्या खोल्यांत कोणी नसतें. बाया, पोरें, एक थकलेला म्हातारा, सारींच माणसें पलीकडच्या कडुलिंबाखालीं बसलेलीं असतात. उन्हापासून रक्षण व्हावें म्हणून घातलेलें छप्पर सोडून ऊन टाळण्यासाठींच झाडाखालीं जावें लागतें, हा प्रकार चमत्कारिक खरा. परंतु तो मीं प्रथम पाहिला तो येथें नव्हे. तो पाहिला किल्लारीच्या माळावर, १९९४ सालच्या मे महिन्यांत.

भूकंप, महापूर, दरड किंवा सांथ यांनीं गांवचें गांव उघड्यावर पडलें म्हणजे त्याला चार दिवसांत छप्पर द्यावयाचें कसें, हा प्रश्न जुनाच आहे. तयार भाग आणावेत, ते एकमेकांत बसवावेत, गरज सरली कीं सुटे करून पुन्हां गाडीवर घालावेत, ही युक्ति हल्लीं नव्या नांवांनीं आपल्यापुढें येते. आमच्या वाडवडिलांना ती अगदींच ठाऊक नव्हती असें मात्र श्रोत्यांनीं समजूं नये. महाराष्ट्रांत घराचें माप खोल्यांनीं सांगत नसत, खणांनीं सांगत. दोन तुळयांमधील गाळा म्हणजे एक खण. बरकत आली, एक खण वाढविला. भाऊ वेगळे झाले, खण मोजून वांटून घेतले. पडक्या घराचें लांकूड नव्या घराला लागे, कारण दोहोंचें अंग याच हिशेबानें जोडलेलें असे.

पेशवाईंत तर चालतें-फिरतें गांव संभाळणारें एक स्वतंत्र खातेंच होतें. डेरे, राहुट्या, कनाती, बिछायती यांची व्यवस्था पाहणारा तो फरासखाना. पुण्याच्या शहरांत आज तें नांव एका पोलीस ठाण्यापुरतें उरलें आहे. लष्कर सायंकाळीं मुक्कामाला उतरे तों कापडाचें शहर उभें राही आणि कूच झालें कीं उंटांच्या व बैलांच्या पाठीवर चढे. अर्थात् ही सोय लष्कराची आणि सरदारांची. रयतेचें घर बुडालें कीं तिला रान होतें, आणि रानांतलें गवत होतें.

त्या गवतालाहि हिणवूं नये, असें मला माझ्या आजीनें शिकविलें. १८९६ सालीं प्लेग मुंबईंत उतरला, पाठोपाठ पुण्यांत शिरला आणि पुढें वीस-पंचवीस वर्षें देशभर हिंडत राहिला. पुण्यांतील १८९७ च्या तपासण्या आणि सक्तीनें गांवाबाहेर नेऊन ठेवण्याची ती पद्धति इतिहासांत नमूद आहे. तट्ट्यांच्या त्या छावण्यांचा लोकांना प्लेगाइतकाच धाक वाटे. खेड्यांतली गोष्ट निराळी होती. तेथें उंदीर मरूं लागले कीं लोक आपण होऊन गांव सोडीत आणि शेतांत झोपड्या घालून राहत. आजीनें बालपणचे दोन हिवाळे अशा झोपडींत काढले. पऱ्हाटीचा कूड, त्याला आंतून-बाहेरून शेणमाती, वर पळसाचीं पानें आणि जाड गवत. एकदां परतावयास उशीर झाला व उन्हाळा तेथेंच गांठला. तेव्हां गांवांतल्या घरापेक्षां झोपडींतच बरें वाटे, असें ती सांगे. तिचा दोष एकच. एक ठिणगी पडली तर सारी वस्ती जावयाची.

या ठिणगीच्या भयाला उत्तर म्हणून पत्रा आला असें म्हणावयास हरकत नाहीं. लोखंडाच्या पातळ पत्र्याला पन्हाळी पाडल्या तर तो आपला भार आपण तोलतो, हें ओळखून हेन्री पामर या इंग्रज इंजिनियरानें १८२९ सालीं त्याचा हक्क नोंदविला. १८३७ सालीं फ्रान्समध्यें त्यावर जस्त चढविण्याची कृति निघाली आणि गंजाची भीति कमी झाली. हलका, न जळणारा, एकावर एक रचून कोठेंहि नेतां येणारा असा हा पदार्थ लष्कराच्या नजरेंतून सुटणें शक्य नव्हतें. पहिल्या महायुद्धांत, १९१६ सालीं, पीटर निसेन या लष्करी इंजिनियरानें अर्ध्या पिंपासारखी एक झोपडी काढली. सहा माणसांनीं ती चार तासांत उभी करावी असा तिचा हिशेब होता. तिच्यांतली एक गोष्ट मात्र आमच्या लोकांनीं नीट पाहिली नाहीं. त्या झोपडीला आंतून दुसरें अस्तर होतें आणि दोहोंच्या मध्यें हवेची पोकळी होती. थंड देशाच्या सैन्यानेंहि उघड्या पत्र्याखालीं आपला शिपाई निजविला नाहीं. आमच्याकडे पत्रा तेवढा आला. अस्तर वाटेंतच राहिलें.

आणखी एक खोड या निवाऱ्यांना आहे. ते जात नाहींत. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या सुमारें ९४ हजार निर्वासितांना कल्याणजवळच्या रिकाम्या लष्करी छावणींत ठेवण्यांत आलें. एकेका लांबलचक बराकींत गोणपाटाचे पडदे लावून अनेक संसार थाटले गेले. ८ ऑगस्ट १९४९ रोजीं गव्हर्नर जनरल राजगोपालाचारी यांच्या हस्तें तेथें उल्हासनगराची कोनशिला बसली. आज तेथें उंच इमारती आहेत, पण पत्ता विचारला तर मनुष्य अजून कँपाचा नंबर सांगतो. 'तात्पुरता' या शब्दाचा सरळ अर्थ 'तेवढ्यापुरता'. तेवढें म्हणजे केवढें, हें मात्र कोणी सांगत नाहीं.

आतां किल्लारीकडे वळतों. तत्पूर्वीं दोनच वर्षें, ३० जुलै १९९१ रोजीं, आपल्याच जिल्ह्यांतील मोवाड वर्धा नदीच्या पुरांत बुडालें होतें आणि २०४ जीव गेले होते. त्यामुळें आम्हां नागपूरकरांना उघड्यावर पडलेलें गांव कसें दिसतें हें ठाऊक होतें असें आम्हांस वाटे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनीं लातूर आणि तेव्हांचा उस्मानाबाद, म्हणजे आतांचा धाराशिव, या जिल्ह्यांत जें झालें त्यापुढें तो अनुभव अपुरा पडला. अनंत चतुर्दशीची रात्र. गणपति बोळवून लोक नुकतेच निजले होते. आठ हजारांच्या आसपास माणसें गेलीं. पुढें ५२ गांवें समूळ उठवून नव्या जागीं वसवावीं लागलीं.

माणसें भूकंपानें मेलीं असें आपण म्हणतों. मारलें तें घरांनीं. दोन-दोन, अडीच-अडीच फुटांच्या दगडी भिंती, मध्यें नुसता चिखल, आणि माथ्यावर माळवदाचा मातीचा थर. तो थर उन्हाळ्यांत घर गार ठेवी; त्यासाठींच तो दरसाल वाढवीत. तोच अंगावर आला. यांतहि एक गोष्ट जाणकारांनीं नमूद करून ठेविली आहे. जेथें माळवदाचा भार भिंतींवर नसून लांकडी खांबांच्या खणांवर होता, तेथें भिंती ढासळल्या तरी कित्येक ठिकाणीं सांगाडा उभा राहिला आणि आंतलीं माणसें वांचलीं. तो आमचा जुना खणच.

अशा लोकांना दगडाखालीं पुन्हां निजा, असें कोण सांगणार? पाऊस कोसळत होता, जमीन अधूनमधून हलत होती. पत्रे आले, सांगाडे उभे राहिले, ओळी पडल्या. त्या घाईबद्दल मी कोणाला दोष देत नाहीं. पत्रा पडला तरी त्याखालीं लेंकरूं चिरडत नाहीं, हा विचार त्या वेळीं मोठा होता. पण त्या घाईंत घातलेल्या छपराखालीं पुढचा मे महिना काढावयाचा आहे, हा हिशेब कोणाच्या वहींत दिसला नाहीं.

आम्ही चार शिक्षक वह्या-पुस्तकांचे गठ्ठे घेऊन त्या भागांत गेलों तें याच महिन्यांत. दुपारचे दोन वाजले होते. पत्र्याच्या ओळींत चिटपाखरूं नव्हतें. एका बोरीच्या विरळ सावलींत एक वृद्ध बाई दोन नातवंडांना घेऊन बसली होती. आम्ही तिच्या खोलीकडे पाहतों हें ओळखून ती म्हणाली, "आत बसवत न्हाई, गुर्जी. तुमीबी हितंच बसा." मीं दाराच्या चौकटीला हात लावला आणि काढून घेतला. शेजारच्या एका छपरावर कडब्याच्या पेंढ्या पसरून त्यांवर दगड ठेवलेले होते. त्या खोलींत मात्र एक बाळंतीण निजली होती. कडबा म्हणजे जनावराचा चारा. ऐन उन्हाळ्यांत तो छपरावर घालावयाचा म्हणजे बैलाच्या तोंडचा घांस काढून मुलाच्या डोक्यावर धरावयाचा. त्या घरधन्यानें तसें केलें होतें. ओळींतल्या दुसऱ्या कित्येकांना तें करतां आलें नव्हतें, कारण त्यांच्यापाशीं जो होता तो बैल राखण्यासाठींच होता.

एका हाताच्या अंतरावर दुसरें छप्पर, मग तें गवताचें असो, तट्ट्याचें असो कीं चटईचें. भिंतीच्या माथ्याशीं वारा जाण्यास फट. वरून चुन्याचा पांढरा हात. इतक्यानें तें घर राहण्याजोगें झालें असतें, आणि हें सारें त्याच जिल्ह्यांतल्या बुरुडाला आणि गवंड्याला येत होतें. त्यांना कोणी विचारलें नाहीं. नवीं पक्कीं गांवें उठेपर्यंत कित्येकांनीं दोन उन्हाळे तेथें काढले, कित्येकांनीं त्याहून अधिक.

पुढें २०१४ सालीं, मोवाडच्याच तारखेला म्हणजे ३० जुलैला, पुणें जिल्ह्यांतील माळीण डोंगराखालीं गाडलें गेलें. वांचलेले लोक पत्र्याच्या निवाऱ्यांतून नव्या गांवांत गेले ते एप्रिल २०१७ मध्यें. १९ जुलै २०२३ च्या रात्रीं रायगड जिल्ह्यांतील इर्शाळवाडीवर दरड आली, तेव्हां उरलेल्यांना चौक येथें कंटेनरांत ठेवलें. म्हणजे पत्र्याऐवजीं अख्खी लोखंडाची पेटीच. ती पेटी लवकर येते, तिला दार-खिडकी असते, पावसाचें पाणी आंत येत नाहीं. हा फरक लहान नव्हे, आणि तो मी मानतों. पण कोंकणच्या दमट हवेंत ती पेटी दुपारीं दोन वाजतां कशी लागत असेल, हें मला चौकटीला लागलेल्या हातावरून कळतें.

किल्लारीकडे मी पुन्हां एकदां गेलों तेव्हां नवें गांव सरळ रस्त्यांचें आणि सिमेंटच्या घरांचें झालें होतें. एका घरामागें गोठा होता. त्याला भिंती तुराट्यांच्या, माथ्यावर तेच जुने पत्रे, रंगानें घातलेले आंकडे अजून वाचतां येत होते. पत्र्यांवर कडबा पसरला होता. मीं कारण विचारलें तेव्हां घरधनी म्हणाला, गुरांना ऊन सोसत नाहीं.