मुंबईच्या उकाड्यात स्वेटर कोण विणतं?

(या आठवड्याच्या भागाचं लिखित रूप. बोलताना जे अर्धवट सुटलं होतं ते इथे पूर्ण केलंय, बाकी बोली तशीच ठेवलीय.)

आजचा विषय माझ्या बॅगेतच असतो. चार नंबरच्या दोन सुया, एक लोकरीचा गुंडा आणि अर्धवट विणलेलं टोपडं. मी राहते नेरुळला, ऑफिस महापेला, आणि कॅमेरा बंद असलेल्या प्रत्येक मीटिंगमध्ये माझ्या चार-सहा ओळी होतात. ऑफिसमध्ये मला हमखास विचारला जाणारा प्रश्न असा : 'नवी मुंबईत स्वेटर घालतं कोण?' प्रश्न बरोबर आहे. आमच्याकडे थंडी म्हणजे जानेवारीतले दहा दिवस पंखा पाचवरून दोनवर येणं. तरी वाशीच्या सेक्टरमधल्या शिवणसामानाच्या दुकानात लोकर वर्षभर मिळते, आणि ती घ्यायला बायका वर्षभर येतात. ही सवय आपल्याकडे आली कुठून, ते आज बघू.

आधी शब्दाचं बघा. मराठीत कापड विणतात, टोपली विणतात, सुंभाने बाज विणतात आणि स्वेटरही विणतात. सगळ्याला एकच क्रियापद. प्रत्यक्षात मागावरचं काम आणि सुयांवरचं काम ही दोन वेगळी जगं आहेत. मागावर उभे आणि आडवे असे दोन धागे लागतात. सुयांवर एकच धागा, तो स्वतःच्याच फासातून ओढत न्यायचा. म्हणून सुयांवरचं विणकाम एका टोकाने ओढलं की भराभर उसवतं आणि अख्खी लोकर जशीच्या तशी हातात परत येते. कापडाचं असं होत नाही. हा फरक लक्षात ठेवा, पुढे कामाला येणार आहे.

मागावरची लोकर आपल्याकडे जुनीच. दख्खनी मेंढी, ती पाळणारे धनगर, कातरलेल्या लोकरीचं सूत आणि त्या सुताची घोंगडी विणणारे सणगर. ताण्याला चिंचोक्याची खळ लावायची, खड्ड्यात पाय सोडून मागावर बसायचं. माण, सांगोला या भागांत हे काम पिढ्यान्‌पिढ्या चाललं. घोंगडी पावसात डोक्यावर, रात्री अंगाखाली, देवासमोर आसन, लग्नात बैठक. पण दख्खनी मेंढीची लोकर राठ. पाऊस आणि काटे सोसायला उत्तम, बाळाच्या मानेला मात्र टोचणार. त्यामुळे घरात घोंगडी असूनही आपल्या आज्या-पणज्यांनी त्या लोकरीचे स्वेटर विणले नाहीत. आपण नेसणारी माणसं होतो : धोतर, लुगडं, पागोटं, उपरणं. अंगाला घट्ट बसणारं, ताणलं की ताणणारं कापड लागायचंच कशाला?

सुयांवरच्या विणकामाचे जुने नमुने सापडतात ते इजिप्तमध्ये. साधारण अकराव्या-बाराव्या शतकापासूनचे मोजे, तेही लोकरीचे नाहीत, सुती. निळे-पांढरे, नीळ लावून रंगवलेले. पुढे युरोपात या कामाचे संघ झाले आणि त्या संघांत कारागीर पुरुष होते. हे मी मुद्दाम सांगते, कारण 'हे बायकांचं काम' हे वाक्य वाटतं तितकं जुनं नाही. १५८९ मध्ये इंग्लंडात विल्यम ली याने मोजे विणायचं यंत्र बनवलं. पुढे धंद्यातलं विणकाम यंत्राकडे गेलं आणि हातातलं हळूहळू घरातल्या बायकांकडे. माझ्या क्षेत्रात राहून हे वाचताना जरा गंमत वाटते. आधी काम कौशल्याचं असतं, मग यंत्र येतं, मग उरलेल्या कामाला आपण 'छंद' म्हणतो.

आपल्याकडे सुया आल्या त्या मिशनरी बायकांबरोबर. अमेरिकन मिशनची सिंथिया फरार १८२७ मध्ये मुंबईत उतरली, पुढे अहमदनगरला गेली. सावित्रीबाई फुल्यांचं अध्यापनाचं शिक्षण तिच्याकडे झालं असं सांगितलं जातं, ती हीच फरार. या मिशनच्या मुलींच्या शाळांत वाचन-लेखनाच्या जोडीला शिवण-टिपण असायचं. कारण सरळ होतं. मुलीला 'अक्षरं शिकवतो' म्हटलं तर घरचे दार लावून घेत. 'शिवण शिकवतो' म्हटलं तर दार थोडं उघडं राही. सुई ही आत शिरायची वाट होती. शिकवणाऱ्यांच्या डोक्यात धर्म होता, ते लपवण्यात अर्थ नाही. पण मुली त्या वाटेने अक्षरांपर्यंत पोचल्या, हेही तितकंच खरं.

आता याच सुईची दुसरी बाजू. १८८४ मध्ये पुण्यात मुलींचं हायस्कूल निघालं, आपण ज्याला हुजूरपागा म्हणतो ते. तिथे इंग्रजी, गणित असे विषय होते आणि वेळ होती अकरा ते पाच. 'केसरी'तून यावर टीका झाली. मुलींना एवढा वेळ शाळेत कशाला, त्यांना घरकामाला उपयोगी पडेल असं शिकवा, शिवणटिपण शिकवा. म्हणजे पन्नास-साठ वर्षांत तीच सुई उलटी फिरली. आधी ती मुलीला घराबाहेर काढायचं निमित्त होती, आता तिला घराकडे परत पाठवायचं. मला यातला दुसरा युक्तिवाद अजिबात पटत नाही, पण तो अजून मेलेला नाही. माझ्या हातात सुया पाहून 'वा, अगदी संसारी मुलगी' असं म्हणणारे काका-काकू मला महिन्यातून एकदा तरी भेटतात. त्याच वेळी माझ्या मांडीवर लॅपटॉप असतो, पण तो त्यांना दिसत नाही.

यातून तिसरी वाट काढली ती संस्था चालवणाऱ्या बायकांनी. पंडिता रमाबाईंनी १८८९ मध्ये मुंबईत शारदा सदन काढलं आणि पुढे केडगावला मुक्ती मिशन उभं केलं. तिथे दुष्काळातून आलेल्या मुली-बायका शिवणकाम, विणकाम करत, आणि त्याच आवारात छापखानाही चालवत. रमाबाई रानड्यांनी १९०९ मध्ये पुण्यात सेवासदन सुरू केलं. तिथे शिवण शिकायची ती 'गृहिणी' होण्यासाठी नव्हे, चार पैसे मिळवण्यासाठी. विचार करा, सोळा-सतराव्या वर्षी विधवा झालेली मुलगी. माहेरी ओझं, सासरी फुकटची मोलकरीण. तिच्या हातात अशी कला आली, जिला माग लागत नाही, दुकान लागत नाही, भांडवल म्हणून दोन सुया आणि धागा पुरतो, आणि जी माजघरात बसूनही करता येते. तिच्या नावावर येणारा पहिला रुपया कदाचित तिथून आला असेल.

मग महायुद्धं. पहिल्या महायुद्धात मुंबईच्या गव्हर्नरची पत्नी लेडी विलिंग्डन हिच्या पुढाकाराने मुंबई इलाख्याच्या युद्धनिधीची स्त्रियांची शाखा चालली, सैनिकांसाठी कपडे वगैरे तयार व्हायचे. हे काम ब्रिटिश साम्राज्यासाठी होतं खरं, पण थंडीत कुडकुडणारी पोरं आपली होती. ११० आणि ११७ नंबरच्या मराठा पलटणी मेसोपोटेमियात होत्या, कुत-अल-अमाराच्या वेढ्यात १९१५-१६ चा अख्खा हिवाळा अडकलेल्या. साताऱ्या-रत्नागिरीच्या मुलाला तिथली रात्र कशी वाटली असेल!

पण आपल्या घरांमध्ये ज्याची आठवण अजून निघते ते युद्ध १९६२ चं. २० ऑक्टोबरला चीनने हल्ला केला. नामका चू नदीकाठच्या ७ ब्रिगेडमधल्या जवानांकडे हिमालयातल्या थंडीसाठी सुती गणवेश आणि कॅनव्हासचे बूट होते. त्याच ब्रिगेडचे प्रमुख जॉन दळवी यांनी पुढे 'हिमालयन ब्लंडर'मध्ये हे सगळं लिहिलं. बातम्या येऊ लागल्या तशी देशभरातल्या शाळा-कॉलेजांत, महिला मंडळांत सुया बाहेर निघाल्या. सोनं दिलं गेलं, रक्त दिलं गेलं आणि स्वेटर, मोजे, मफलर विणले गेले. नोव्हेंबरमध्ये यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री म्हणून दिल्लीला गेले, 'हिमालयाच्या मदतीला सह्याद्री' हे तेव्हाचंच. सह्याद्रीतल्या वाड्या-चाळींतून लोकरीची गाठोडीही गेली, ती मात्र पाठ्यपुस्तकात नाहीत.

इथे मला माझ्या पेशाची खोड आवरत नाही, थोडा हिशेब करू. एका मोठ्या माणसाच्या स्वेटरची छाती १०० सेंटिमीटर धरा. मध्यम लोकरीत १० सेंटिमीटरला २० टाके बसतात, म्हणजे घेरात २०० टाके. उंची ६० सेंटिमीटर, म्हणजे साधारण १६८ ओळी. नुसत्या अंगाचे तेहतीस हजार टाके झाले. दोन बाह्यांचे सतराएक हजार. एकूण पन्नास हजार. सराईत बाई मिनिटाला पंचवीस टाके घालते, तरी तेहतीस तास लागतात. स्वयंपाकपाणी, पोरंबाळं, पाणी भरणं सांभाळून रोज दोन तास मिळाले तर सतरा दिवस. युद्ध एकूण चाललं बत्तीस दिवस, २१ नोव्हेंबरला चीनने शस्त्रसंधी जाहीर केली. बातमी कळणं, लोकर मिळणं, विणणं, गोळा करणं, रेल्वेने ईशान्येला पोचवणं. लढाई चालू असताना यातले किती स्वेटर कुणाच्या अंगावर पडले असतील, याचा अंदाज तुम्हीच करा. पुढच्या हिवाळ्यात ते उपयोगी आले असतील. पण ज्या तुकडीला ऑक्टोबरमध्ये ते हवे होते, तिच्या गरम कपड्यांची सोय करणं हे गृहिणीचं काम नव्हतं, सरकारचं होतं. त्या बायकांच्या मायेचं कौतुक करताना आपण हा मुद्दा गिळून टाकतो, असं मला वाटतं.

युद्धाची लोकर वेगळी, घरातली वेगळी. घरातल्या लोकरीचं मराठी नाव आहे बाळंतविडा. कुंची, झबलं, टोपडं, अंगडं, दुपटं, पायमोजे. काही घरांत बाळ जन्मायच्या आधी त्याच्यासाठी नवं काही आणत नाहीत, पहिलं कापड जुनं, धुऊन मऊ झालेलं. तिथे आई काही विणत नाही, विणते ती मावशी किंवा आत्या, आणि तेही 'सहज हाताला चाळा' असं म्हणत. बारशाला तो विडा पाटावर मांडला की कुणी काय केलंय ते सगळ्या बायका हातात घेऊन, उलटं करून बघतात. उलट बाजूला गाठी लपवल्यात की नाही, ही खरी परीक्षा. लग्नातल्या रुखवताचंही तसंच. क्रोशाचं तोरण, टीव्हीवरचा रुमाल, लोकरीची बाहुली. हल्ली रुखवत तयार विकत मिळतं, भाड्यानेही मिळतं. त्यात वाईट वाटण्यासारखं फार नाही. मुलीची 'हुशारी' मांडून ठेवण्याची ती जागा होती आणि तिच्या बाकीच्या हुशारीला तेव्हा मांडायला जागा नव्हती.

आता सुरुवातीचा तो मुद्दा, उसवण्याचा. आमच्या घरी, आणि मला वाटतं तुमच्यापैकी बऱ्याच जणांच्या, लोकर मरत नसे. बाबांचा स्वेटर कोपरांवर झिजला की शिवणी सोडवायच्या, एक जण उसवणार, दुसरा समोर हात धरून लडी घेणार. लोकर वेडीवाकडी झालेली असते, मॅगीसारखी. ती लडी भिजवून, खाली वजन बांधून वाळत घालायची की सरळ होते. मग त्यात नवा रंग मिसळून माझा स्वेटर. त्यातून माझ्या धाकट्या भावाची बिनबाह्यांची बंडी. शेवटी जे उरलं त्याचं पायपुसणं. ही सगळी लोकर म्हणजे खरं तर ॲक्रिलिक. दुकानात आपण 'लोकर द्या' म्हणतो आणि लुधियानाचा ॲक्रिलिकचा गुंडा घेऊन येतो. मेंढीचा त्याच्याशी संबंध नाही. धुवायला सोपी, कसर लागत नाही, स्वस्त. मुंबईच्या दमट हवेत तीच टिकते. शुद्धतावादी नाक मुरडतात, मी मुरडत नाही.

इंटरनेटने या कामाचं काय केलं ते थोडक्यात. २००७ मध्ये रॅवेलरी ही विणणाऱ्यांची वेबसाइट निघाली आणि जगभरचे नमुने एका जागी आले. २०१६ च्या ३१ जानेवारीला 'मदर इंडियाज क्रोशे क्वीन्स' या गटाने चेन्नईत तुकडे जोडून ११,१४८.५ चौरस मीटरचं क्रोशाचं ब्लँकेट पसरलं, गिनीज विक्रम झाला. ज्या बायका घरात 'रिकामटेकडा उद्योग' ऐकत होत्या त्या एका मैदानात जमल्या, मला विक्रमापेक्षा हे जास्त आवडलं.

आणि एक काम सुती धाग्याचं. अमेरिकेत बार्बरा डेमोरेस्ट या बाईंनी स्वतःच्या स्तनाच्या शस्त्रक्रियेनंतर 'निटेड नॉकर्स' सुरू केलं. नाव जरा चावट आहे, मुद्दामच. हाताने विणलेले, आत मऊ भरण असलेले कृत्रिम स्तन, शस्त्रक्रिया झालेल्या बाईला फुकट द्यायचे. त्याचा भारतातला गट मुंबईतून चालतो. सिलिकॉनचे विकत घ्यायचे तर हजारो रुपये, शिवाय जड, आणि आपल्या घामाच्या हवेत नकोसे. सुती असले की हलके, धुता येतात, ब्लाउजच्या आत बसतात. भारतात बायकांमध्ये सगळ्यात जास्त आढळणारा कर्करोग हाच आहे. खारघरला टाटा मेमोरियल सेंटरचं ॲक्ट्रेक आहे. हार्बर लाइनला रोज सकाळी फायलींची प्लास्टिकची पिशवी छातीशी धरून बसलेल्या बायका दिसतात, त्या कुठे उतरणार हे आपल्याला न विचारता कळतं. मी मागच्या वर्षी पहिली जोडी विणली. गोल विणायचं, मध्यापासून टाके वाढवत न्यायचे, शिवण त्वचेला लागेल अशी कुठेच ठेवायची नाही. भरण मोजून, दोन्ही बाजूंचं वजन सारखं. स्वेटरमध्ये एक टाका सुटला तर मी दुर्लक्ष करते, इथे उसवते. ज्या बाईला ती जाणार तिचं नाव आपल्याला कळत नाही, फक्त माप कळतं.

पुढच्या भागासाठी एक मागणं. तुमच्या घरात कुणी १९६२ मध्ये जवानांसाठी विणलं असेल, आई, आजी, शाळेतल्या बाई, तर त्यांना विचारा : लोकर कुणी दिली, रंग कोणता होता, माप कुठून मिळालं. मोबाइलवर त्यांच्या आवाजात दोन मिनिटं रेकॉर्ड करून पाठवा. त्या वेळच्या वहीत 'दोन सुलट, दोन उलट' असं लिहिलेलं पान सापडलं तर त्याचा फोटोही. मी तो नमुना इथे विणून बघीन.